विषय क्रमांक सतरा

सोलापूर रस्त्यावरचा जुना जकात नाका.
दोन एकर सात गुंठे, मालकी महापालिकेची.
मी तिथं अकरा वर्षं पावत्या फाडल्या.
कांद्याची गोणी, शहाबादी फरशी, नवरीचं लोखंडी कपाट,
पुण्यात शिरणाऱ्या प्रत्येक वस्तूला
आम्ही विचारायचो, कुठून आलीस, वजन किती?
माणसांना विचारत नव्हतो.
माणसं ट्रकच्या टपावर बसून फुकट आत यायची.

जकात गेली, मला नगरसचिव कार्यालयात टाकलं.
आता मी बोललेलं लिहितो.

आज त्याच जागेवर चर्चा. तीन तास वीस मिनिटं.
सन्माननीय सभासद भिंताडे म्हणाले,
घरं बांधा तिथं, झाडणाऱ्यांना, हमालांना,
तीनशे चौरस फुटांची, हप्ता परवडेल अशी.
(बाकं वाजली. एका बाजूची.)
सन्माननीय सभासद आगटेबाई म्हणाल्या,
घरांना विरोध नाहीच, घरं व्हायलाच हवीत,
फक्त इथं नकोत.
शेजारच्या सोसायटीत ज्येष्ठ नागरिक आहेत,
त्यांना सकाळी फिरायला जागा नाही.
मागून कुणीतरी म्हणालं, आणि रात्री झोपायला ज्यांना नाही ते?
(गोंधळ.)
गोंधळ कंसात लिहायचा असतो.

मग प्रशासनाचा खुलासा:
जागा विकासकाला साठ वर्षं भाड्यानं द्यावी,
पुढं दुकानं, मागं घरं,
घरांची संख्या वास्तव पाहून ठरवता येईल.
‘वास्तव’ला लघुलिपीतली खूण आठवेना.
आडवी रेघ मारून पुढं गेलो.

भिंताडे टेबलावर हात आपटत होते.
चार वर्षांपूर्वी हेच भिंताडे
ह्याच जागेवर नाट्यगृह मागत होते.
ते इतिवृत्तही माझ्याच अक्षरात आहे,
पण लिहिणाऱ्यानं आठवण करून द्यायची नसते.

प्रेक्षक गॅलरीत, चौथ्या रांगेत, सगुणा खुडे.
रात्रपाळीचा रस्ता झाडून तशीच आलेली,
पायात पालिकेचे बूट, एक नंबर मोठे.
तिनं हात वर केला. खाली घेतला.
पुन्हा केला.
गॅलरीतल्या हाताची नोंद होत नाही.

पाच वाजता कुणाच्या तरी निधनाची चिठ्ठी आली.
दुखवट्याचा ठराव, दोन मिनिटं उभं राहणं, सभा तहकूब.
विषय क्रमांक सतरा एक महिना पुढं.
चहा मात्र सगळ्यांनी एकत्र घेतला,
आगटेबाईंनी भिंताडेंच्या मुलीचं बारावीचं विचारलं.

जिन्यात सगुणानं मला गाठलं.
“तुम्ही लिहिणारे ना? एक हिशोब बघा बरं.
तीनशे फूट म्हणजे पाच साड्या, बरोबर का?
परवा रात्री नाक्यावर जाऊन अंथरल्या आम्ही,
मी, माझी जाऊ, तिची पोर.
वजनकाट्यापासून सुरुवात केली.
इथं शेगडी, इथं पोरीचं दप्तर,
इथं सासरा, त्याला पाय पसरून झोपायची सवय.
पाचवी साडी उरली. तिच्यावर काय मांडायचं, सुचेचना.
मग तिघी नुसत्या बसलो.
कुत्री भुंकली तशा घड्या घातल्या आणि निघालो.”

साडेपाच वार लांबी, पावणेचार फूट पन्हा.
जिन्यातच पावतीच्या पाठीवर गुणाकार केला.
नऊ फूट जास्त भरत होते.
नाक्यावर असतो तर दंड लावला असता.
“बरोबर आहे,” म्हणालो.

रात्री फुरसुंगीची बस. मी उभा.
मीही भाड्यानंच राहतो, मालक भिंतीला खिळा मारू देत नाही.
नाका आला तशी खिडकीतून मान वाकवली.
काट्यावर गवत. फलकावरची अर्धी अक्षरं गेलेली.
पाच ठिकाणी गवत दबल्यासारखं दिसलं,
किंवा मला तसं वाटलं.

‘किंवा मला तसं वाटलं’
हे इतिवृत्तात लिहिता येत नाही.
तिथं एवढंच:
सविस्तर चर्चा झाली. पुढील सभेत घेणे.